माझा हात फिरलेला चाकू

सोमवार, ४ तारीख

दाढ काढली. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आज अजिबात बोलायचं नाही असं बजावलं आहे. दिवसभर बोललो नाही तर माझं पोट फुगेल हे आमच्या हिला चांगलं ठाऊक, म्हणून हिने कपाटातली एक कोरी वही काढून माझ्यापुढे टाकली. "घ्या, यात बोला," म्हणाली. लग्न झाल्यापासून ती या दिवसाची वाटच पाहत होती की काय कोण जाणे.

तर बोलतो. मी धारवाला. चाकू, कात्र्या, कोयते, कुलुपं यांचं दुकान, आणि मागच्या खोलीत धार लावायचं चाक. दुकान वडिलांनी काढलं. बाहेरच्या पाटीवर 'धारवाले आणि पुत्र' असं आहे, त्यातला पुत्र मी. आत गल्ल्यामागे दुसरी पाटी आहे: 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' तीही वडिलांचीच. आमच्याकडे एक पद्धत आहे, जी दुसऱ्या कुठल्याही दुकानात नाही. चाकू विकला की तो नुसता बांधून द्यायचा नाही. गिऱ्हाइकासमोर त्याचा स्क्रू खोलायचा, तेलाचा थेंब सोडायचा, पुन्हा आवळायचा, धार कागदावर पाहायची आणि मग द्यायचा. याला आम्ही 'हात फिरवणं' म्हणतो. माझा हात फिरल्याशिवाय या दुकानातून चाकू बाहेर जात नाही.

आज दुकान लेकीने एकटीने सांभाळलं. संध्याकाळी खुणेनेच विचारलं, काय खपलं? "दोन कात्र्या, सायकलचं कुलूप, आणि नव्या मालातला एक घडीचा चाकू," म्हणाली. बरं झालं. तिने ऑफिसातली नोकरी सोडली त्याला बराच काळ झाला. दुसरी मिळेपर्यंत येते बिचारी दुकानात. पोरीच्या जातीला लोखंडाचा कंटाळा येणारच, पण तोंड वाकडं करत नाही.

गाल भोपळ्याएवढा झाला आहे. झोपतो.

गुरुवार, १४ तारीख

बोलता यायला लागल्यावर वही बंद करणार होतो. पण आज जे झालं ते कुणाशी बोलायचं तेच कळेना.

दुपारी एक बाई आली. मोठ्या बागेत माळीकाम करते. गुलाबांना डोळे भरते, म्हणजे एका झाडाचा अंकुर दुसऱ्या झाडाच्या सालीत बसवते. उजव्या हाताच्या तर्जनीला हे एवढं बँडेज. तिने घडीचा चाकू गल्ल्यावर ठेवला.

"काका, हा तुमच्याकडचा. काम करता करता मिटला बोटावर. टाके पडलेत."

चाकू उघडून पाहिला. आमच्याच नव्या मालातला. छान दिसणारा, लाकडी मुठीचा. पातं उघडलं की खटका बसतो आणि पातं ताठ उभं राहतं. तसं ते राहिलंही. मी म्हणालो, "बाई, खटका तर बसतोय."

"बसतो. पण पाठीकडून जोर आला की सुटतो. डोळा भरताना साल पात्याच्या पाठीनेच उचलतो आम्ही."

मी पाटीकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "वाचता येतं मला. परत घ्या कुठे म्हणतेय? नीट करून द्या. डोळे भरायचे दिवस थोडेच असतात. सालीतला रस आटला की वर्ष गेलं माझं. बागेच्या साहेबांनी या वेळी नवा वाफा माझ्यावर सोपवलाय."

मी म्हणालो, चाकू कंपनीने बनवला, दोष असला तर कंपनीचा, कंपनीकडे जा. पत्ता पाकिटावर आहे. यात काय चुकलं माझं? मी विकतो, बनवत नाही. पण लेकीने मध्येच उठून तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि बोट कसं आहे, कुठे दाखवलं, सगळी चौकशी केली. गिऱ्हाइकाला खुर्ची दिली की ते उठत नाही, हे मी तिला शंभरदा सांगितलं आहे.

रात्री जेवताना लेक म्हणाली, "बाबा, ती कंपनीला कुठे ओळखते? ती तुम्हाला ओळखते."

"मग? डबा गळका निघाला तर दूधवाल्याने झाळायचा का?"

"डबा दूधवाल्यानेच विकला असेल तर हो."

ही हसली. या घरात माझ्या बाजूने कुणी नाही.

तरी एक गोष्ट लिहून ठेवतो. बाईचा चेहरा मला आठवला नाही. पण मला चेहरे आठवतच नाहीत, हत्यारं आठवतात. आणि हा चाकू विकल्याचंही काही केल्या आठवेना. वय झालं.

मंगळवार, १९ तारीख

बाई परत आली. कंपनीने सांगितलं, दुकानदाराकडे जा. दुकानदाराने सांगितलं होतं, कंपनीकडे जा. "मी काय चेंडू आहे का काका?" म्हणाली. चिडून म्हणाली असती तर मीही चिडलो असतो. थकून म्हणाली.

मला कंपनीचा राग आला. तिच्यासमोरच फोन लावला. आमच्या भागात कंपनीचा जो माणूस फिरतो त्याला मी टायवाला म्हणतो. उन्हाळा असो, पावसाळा असो, टाय सुटत नाही. मी त्याला खडसावलं. गिऱ्हाईक समोर असलं की माझा आवाज चांगला लागतो.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "शेठ, तुमच्याकडे चाकू देण्याआधी स्क्रू खोलतात ना? सगळ्यांना माहितीये. एकदा स्क्रू खोलला की कंपनीची जबाबदारी संपली. खटका सैल पडला तो तुमच्या पान्याने."

मी फोन ठेवला. बाईला म्हणालो, "साहेब बाहेरगावी आहेत." लेक माझ्याकडे बघत होती. मी पुडकी रचायला लागलो.

बुधवार, २० तारीख

झोप नाही.

माझ्या हातून झालं असेल? वडिलांच्या काळचे चाकू वेगळे, जाड पितळी स्क्रूचे. हे नवे नाजूक. आवळताना अर्धा फेरा जास्त झाला असेल, कमी झाला असेल. हाताला पूर्वीसारखं कळतं का? परवा चहाचा कप ठेवताना बशीवर वाजला. हिने पाहिलं.

आजपर्यंत 'माझा हात फिरलाय, डोळे मिटून वापरा' असं किती जणांना सांगितलं असेल. आणि त्या हातानेच एका बाईचं बोट कापलं, तेही कामाचं बोट.

घरात कुणाला सांगायचं नाही. लेकीला तर नाहीच. तिला वाटतं की तिच्या बापाला लोखंडातलं सगळं कळतं.

शनिवार, २३ तारीख

आज तीन गिऱ्हाइकांना चाकू विकायचं टाळलं. "नवा माल संपलाय," म्हणालो. लेक म्हणाली, "बाबा, मागे खोकं भरलंय." मी म्हणालो, "ते संपलेलंच समज." काय बोलतो मी!

दुपारी मागच्या खोलीत सारखं खट्, खट्, खट्. विचारलं काय चाललंय, तर लेक म्हणाली, "काही नाही, आवराआवर." एवढा आवाज करून कोण आवरतं? डोकं उठलं.

तिच्या टेबलावर तिचा स्वतःचा चाकू असतो, वडिलांनी तिला लहानपणी दिलेला, मुठीला लाल दोरा गुंडाळलेला. तो दिसला नाही म्हणून विचारलं. "दिलाय एकीला वापरायला," म्हणाली. आजोबांची आठवण कुणालाही देऊन टाकायची! बोलणार होतो. पण सध्या मला कुणाला काही बोलायचा अधिकार नाही.

रविवार, २४ तारीख

दुकान बंद. फिरायला म्हणून निघालो आणि पाय बागेकडे वळले.

बाई नव्या वाफ्यात उकिडवी बसली होती. बँडेज मळलेलं. एक बोट वर धरून बाकीच्यांनी काम चाललेलं. चाकूने सालीला चीर द्यायची, साल अलगद उचलायची, डोळा आत सरकवायचा, पट्टी बांधायची. मी मागे उभा राहून बघत होतो. आयुष्यभर चाकू विकले, पण ते जातात कुठे आणि करतात काय, हे कधी असं पाहिलं नव्हतं. तिच्या हातातल्या चाकूच्या मुठीला लाल दोरा होता. हल्ली सगळेच लाल दोरा बांधतात असं दिसतं.

तिला माझी चाहूल लागली. उठली नाही. "काका, बसा. माती आहे पण स्वच्छ आहे."

मी बसलो. आणि तोंडातून निघून गेलं. "बाई, कंपनी म्हणते दोष माझा. मी तुमच्या चाकूचा स्क्रू खोलला, म्हणून झालं. खरं असेल. खोटंही असेल. मला माहीत नाही."

ती डोळा बांधत होती तो बांधून पुरा केला. मग म्हणाली, "पण काका, माझ्यासमोर तर—"

मी तिला बोलू दिलं नाही. एकदा धीर केला होता, तो सुटला असता. म्हणालो, "ऐका. दोष माझा की कंपनीचा, ते माझं आणि कंपनीचं भांडण. तुमचा त्याच्याशी संबंध नाही. तुम्ही चाकू माझ्याकडून घेतलात. चांगला चाकू देणं माझं काम. कंपनी देवो न देवो, मी देणार."

ती हसली आणि म्हणाली, "लेकीसारखंच बोलता की तुम्ही."

उलट म्हणायला हवं होतं, पण जाऊ दे. घरी येताना पाय हलके झाले होते. वाटेत दुकान उघडलं आणि गल्ल्यामागची पाटी खिळ्यावरून काढून ठेवली. वडील रागावले असते. मग वाटलं, नसतेही रागावले. त्यांनी पाटी लावली ती उधारीवर नेऊन वापरून परत आणणाऱ्यांसाठी. बोट कापलेल्या बाईसाठी लावली नव्हती.

सोमवार, २५ तारीख

सकाळी लेकीला नुसता खिळा दिसला, पाटी दिसली नाही. मला म्हणाली, "काय झालं बाबा?"

सांगून टाकलं. टायवाल्याचं बोलणं, स्क्रू, माझा हात, झोप न येणं, सगळं. ती ऐकता ऐकता खुर्चीत बसली. तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, बापाची कीव आली.

"बाबा, तो चाकू विकला कधी?"

"मला काय माहीत?"

"चार तारखेला. तुम्ही दाढ काढायला गेला होतात. तो चाकू मी विकला."

मी वही आणली. उघडली. माझ्याच अक्षरात लिहिलेलं: नव्या मालातला एक घडीचा चाकू. जीव भांड्यात पडला. माझा हात नव्हता! त्या चाकूवर माझा हात फिरलाच नव्हता!

मग लगेच लक्षात आलं. "म्हणजे तू फिरवलास हात?"

ती जमिनीकडे बघायला लागली. "नाही बाबा. मी कधीच फिरवत नाही. पाकीट आहे तसं देते."

"कधीच?"

"कधीच."

या दुकानातून हात न फिरवलेला माल जातो आणि मला पत्ता नाही! मी तिला असं झाडलं, असं झाडलं की मला पुन्हा माझ्यासारखं वाटायला लागलं. तीही ऐकत होती आणि डोळे पुसत हसत होती. आमच्या लेकीचं काही कळत नाही.

शेवटी म्हणाली, "झालं? आता मागे चला." मागच्या खोलीत तिने टेबलावर चाकू मांडून ठेवले होते. एका बाजूला मी गिऱ्हाइकांना दाखवायला म्हणून आधीच हात फिरवून काचेच्या कपाटात ठेवलेले, दुसऱ्या बाजूला सरळ पाकिटातून काढलेले. एकेक उघडायची, पात्याची पाठ लाकडाच्या ठोकळ्यावर दाबायची. खट्. मिटला. खट्. मिटला. इकडचे मिटले, तिकडचेही मिटले. एखाददुसरा टिकला.

म्हणजे माझ्या हाताने चाकू बिघडले नव्हते. सुधारलेही नव्हते. दुसरी गोष्ट जरा लागली, पण आज पहिलीच्या आनंदात खपून गेली.

टायवाल्याला फोन केला. गुरुवारी येतो म्हणाला. मग आम्ही दोघांनी नव्या मालातले चाकू ज्यांना विकले होते त्यांना शोधून निरोप धाडले: वापरू नका, घेऊन या. ही कल्पना लेकीची, पण निरोपाचा मजकूर माझा.

गुरुवार, २८ तारीख

आजचा दिवस सविस्तर लिहिणार. हिने जेवायला दोनदा हाक मारली, मारू दे.

टायवाला आला. निळा टाय, त्यावर पिवळे ठिपके. योगायोग असा की नेमकी त्याच वेळी बाईही दुकानात आली, आणि लेकीने नेमकं सीलबंद पाकिटांचं खोकं गल्ल्यावर आणून ठेवलं होतं. सगळं कसं जुळून आलं.

टायवाल्याने बाईचा चाकू हातात घेतला, भिंगातून पाहिल्यासारखा पाहिला. "शेठ, स्क्रू खोललेला आहे."

"नाही. हा चाकू माझ्या हातून गेलाच नाही," मी म्हणालो.

"बरं, नसेल. पण बाई, तुम्ही पाठीने साल उचलता. चाकू कापायला असतो. चुकीचा वापर झाला की कंपनी काही करू शकत नाही."

बाईने खोक्यातलं पाकीट उचललं आणि त्याच्यापुढे धरलं. पाकिटावर गुलाबाचं झाड, त्याची उचललेली साल आणि हातात चाकू, असं रंगीत चित्र छापलेलं. "हे काय करतोय हा हात?" तिने विचारलं.

टायवाला चित्राकडे बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा पाहत असावा. मग त्याने घसा साफ केला. "ठीक आहे. पण आमचा खटका असा सुटणं शक्यच नाही. मी स्वतः दाखवतो."

"पाकीट तुम्हीच निवडा," लेक म्हणाली. "सीलही तुम्हीच फोडा."

त्याने खालून तळातलं पाकीट ओढलं. सील फोडलं. चाकू उघडला, खटक्याचा आवाज आम्हाला मुद्दाम ऐकवला. मग गल्ल्यावर वाकला, पात्याची पाठ लाकडावर टेकवली. "पाहा," म्हणाला आणि जोर दिला.

खट्!

पातं मिटलं. तो वाकलेला, टाय लोंबता. तो सरळ झाला तेव्हा टायचं टोक चाकूत होतं आणि उरलेला टाय गळ्यात. धार मात्र खरोखर चांगली होती, हे मान्य केलं पाहिजे.

मग बाई अगदी मायेने म्हणाली, "बोट वाचलं साहेब तुमचं."

मला हसू आवरेना. लेक पाठ फिरवून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. टायवाला आपल्या टायकडे बघत होता, मग चाकूकडे, मग बाईच्या बोटाकडे. आणि खरं सांगायचं तर तिथे मला तो आवडला. कारण त्याने गळ्यातला टाय सोडवला, खिशात ठेवला आणि म्हणाला, "खुर्ची आहे का एखादी?" लेकीने दिली. त्याने आमच्यासमोरच वरच्या साहेबांना फोन लावला. "साहेब, चूक आपली आहे. नाही, दुकानात काही झालेलं नाही. मी स्वतः सील फोडलं. हो, मीच." पलीकडून काहीतरी आरडाओरडा चालला होता. तो म्हणाला, "मग तुम्ही या आणि तुमच्या टायवर करून बघा."

आम्ही त्याला चहा पाजला.

जाताना मला म्हणाला, "शेठ, एक विचारू? बाईंना तुम्ही चाकू आधीच द्यायचं कबूल केलंत, म्हणजे दोष कुणाचा हे ठरायच्या आधी. आम्ही नाही म्हटलं असतं तर?"

"तर नुकसान माझं," मी म्हणालो. "त्यांनी दार एकच ठोठावायचं, माझं. तुमचं दार मी ठोठावणार."

हे वाक्य मला तिथल्या तिथे सुचलं. लेक हसून म्हणाली, छान आहे, लिहून ठेवा. म्हणून लिहून ठेवलं.

शुक्रवार, १२ तारीख

कंपनीने सगळ्या दुकानांतून तो माल परत मागवला. सगळ्या! त्याच्या बदल्यात सुधारलेला माल आज सगळ्यांआधी आमच्याकडे आला. खटका जाड, बसतो तेव्हा आवाजच वेगळा येतो.

बाईला बोलावून घेतलं. लेकीने पाकीट फोडलं. मी सवयीने स्क्रूला हात घालणार, तेवढ्यात ती म्हणाली, "आधी पाठ, बाबा." तिने पात्याची पाठ ठोकळ्यावर दाबली. सगळा भार टाकला. पातं हललं नाही. मग चाकू माझ्याकडे दिला. "आता फिरवा हात."

मी विचारलं, "स्क्रू खोलू?"

"नको. नुसतं तेल."

नुसतं तेल सोडलं. यापुढे आमच्या दुकानाची हीच पद्धत. गिऱ्हाइकासमोर आधी पाठ दाबायची, मग हात फिरवायचा. एवढ्या वर्षांत हे मला कसं सुचलं नाही याचंच आश्चर्य वाटतं. सुचलं एकदाचं.

बाईने पिशवीतून लाल दोऱ्याचा चाकू काढून लेकीला परत दिला. मी पाहत राहिलो. तो आमचाच होता म्हणजे! लेकीने मला वेळेवर सांगितलं असतं तर मी इतका वेळ कशाला काळजी केली असती? बाई म्हणाली, वाफ्यातले जवळजवळ सगळे डोळे धरले आहेत. बागेतल्या सगळ्या माळ्यांची हत्यारं आता आपल्याकडेच येणार. साहेबांनी तसं सांगितलंय. मला इतका आनंद झाला की मी तिला खुर्ची दिली.

रविवार, १४ तारीख

लेक काल म्हणाली की एका ऑफिसातून तिला नोकरीसाठी बोलावलं आहे. पगार चांगला. मी म्हणालो, वा! मग रात्रभर माझा मला राग येत राहिला. चांगली नोकरी मिळते तर बापाने खूश व्हावं की नाही? नाही झालो. मला ती दुकानात हवी आहे. स्पष्ट लिहितो, मला ती हवी आहे. खट् खट् करून डोकं उठवलं तरी चालेल.

म्हणून आज सकाळी, कुणालाही न विचारता, रंगाऱ्याला बोलावलं. बाहेरच्या पाटीकडे बोट दाखवलं. म्हणालो, "'धारवाले आणि पुत्र' राहू दे. त्याच्यापुढे लिही: आणि कन्या."

रंगारी म्हणाला, "हो, काकूंनी मागच्याच आठवड्यात जागा मोजून घ्यायला सांगितली होती. रंगही आणलाय." हिने पाटीची डागडुजी करायला सांगितली असणार, नुसत्या योगायोगाने माझं काम सोपं झालं.

अक्षरं ओली असतानाच लेक आली. रस्त्यातच थांबली. बराच वेळ वर बघत उभी राहिली. मला वाटलं, काही बोलेल. म्हणाली, "क जरा वाकडा आलाय." आणि मान खाली घालून तडक मागच्या खोलीत गेली.

थोड्या वेळाने धारेचं चाक सुरू झाल्याचा आवाज आला. डोकावून पाहिलं तर चाक जोरात फिरतंय, ती पाठमोरी, ओढणी डोळ्यांना लावून बसलेली, हातात ना चाकू ना कात्री. धार लावायला काही नसताना चाक उगीच फिरवत बसली होती. उगीच वीज जाळते. उद्या बोलतो तिला.